गावाचे दप्तर गावाला सापडावे : महसूल विभागाच्या सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (महसूल),
महसूल व वन विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : गडचिरोली जिल्ह्यासारख्या दुर्गम भागातील जमिनीचे जुने अभिलेख नागरिकांना शोधता येतील अशी व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ३२७ प्रमाणे राज्यातील सर्व नकाशे आणि भूमी अभिलेख, ठरवून दिलेले शुल्क व निर्बंध यांच्या अधीन राहून, कार्यालयीन वेळेत जनतेला पाहण्यासाठी खुले आहेत आणि जो कोणी अर्ज करील त्याला त्यांच्या प्रमाणित नकला द्यावयाच्या आहेत. नोंद पाहू इच्छिणारा त्या जमिनीचा मालक असावा, मालकाचा नातेवाईक असावा किंवा त्याने पाहण्याचे कारण सांगावे, अशी अट या कलमात घातलेली नाही. हक्क इतका निःसंदिग्ध असूनही भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत एखाद्या शेताची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नोंद शोधणाऱ्या माणसाला ती मिळेलच याची खात्री नसते. आणि ती मिळाली नाही, तर ती नष्ट झाली आहे, दुसऱ्या कार्यालयात पडून आहे की मुळात कधी केलीच गेली नव्हती, हे त्याला निश्चितपणे सांगू शकेल असा एकही कागद शासनाकडे तयार नसतो. या पत्रातील मागणी त्या एका कागदाची आहे. प्रत्येक गावाच्या जमिनीविषयीचे कोणकोणते अभिलेख आज अस्तित्वात आहेत, ते कोणत्या सालापासूनचे आहेत आणि कोणाच्या ताब्यात आहेत, याची गाववार सूची शासनाने तयार करावी व ती त्या गावात लावावी, असे प्रस्तुत पत्राचे म्हणणे आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत शासनाने या क्षेत्रात जे काम केले ते मोठे आहे आणि त्याची नोंद आधी घ्यायला हवी. सातबारा, म्हणजे जमिनीच्या धारकाची व हक्कांची माहिती देणारा गाव नमुना सात आणि पिकांची माहिती देणारा गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा, आज महाभूलेख संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येतो, आणि १ मे २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला व पुढे एका प्रतीला १५ रुपये भरून कायदेशीर कामासाठी वापरता येईल अशा स्वरूपातही उपलब्ध झाला. जमिनीवरील हक्कात झालेला बदल ज्या वहीत नोंदवला जातो ती फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, ई-फेरफार प्रणालीमुळे संगणकावर आली. काही जिल्ह्यांतील जुने सातबारे आणि फेरफार यांची छायांकित पानेही शासनाने खुली केली आहेत. तथापि या सर्व सोयी एका गृहीतावर उभ्या आहेत : शोधणाऱ्याला जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या जोडीला जमिनीचा भूमापन किंवा गट क्रमांक माहीत असतो, निदान खातेदाराचे नाव शासनाने जसे लिहिले आहे तसे त्याला लिहिता येते.  ज्याला आधीच बरेचसे माहीत आहे त्याला ही व्यवस्था उरलेले सांगते. ज्याला काहीच माहीत नाही त्याला ती आत शिरू देत नाही.

गडचिरोलीच्या दक्षिण भागात ही अडचण किती खोल जाते हे समजण्यासाठी तेथील अभिलेखांचा इतिहास पाहावा लागतो, कारण पुणे किंवा सातारा जिल्ह्यातील अनुभवावरून बनवलेले शोधाचे मार्ग तेथे लागू पडत नाहीत. मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी आणि आकारणी रयतवारी पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष कसणाऱ्याशी सरकारचा थेट संबंध ठेवून, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाली आणि १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली. आजचा सातबारा त्या परंपरेचे अपत्य आहे. गडचिरोलीचा मुलूख मात्र तेव्हा मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता. तेथे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा महसूल सरकारात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्या मालगुजाराला त्या बदल्यात गावावर मालकीहक्क मिळालेला होता, आणि अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या होत्या, ज्यांच्या हद्दीत शेतांइतकेच, किंबहुना त्याहून पुष्कळ अधिक, जंगल होते. या व्यवस्थेत जे कागद तयार झाले त्यांची नावेही निराळी आहेत. खसरा ही प्रत्येक भूखंडाचा क्रमांक, क्षेत्र, कब्जेदार आणि पीक दाखवणारी गाववार वही असून जमाबंदी ही कोणत्या खातेदाराने किती महसूल द्यावयाचा याची खातेवार यादी आहे. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली व गावोगावच्या नोंदी नव्याने कराव्या लागल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, १५ ऑगस्ट १९६७ पासून आजचा महसूल अधिनियम लागू झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला.

प्रशासनाच्या दृष्टीने हे टप्पे आता इतिहासजमा झाले असले, तरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्यांपैकी प्रत्येक टप्पा म्हणजे दप्तराचे एक स्थलांतर आहे. राज्य बदलले तेव्हा नमुने बदलले, जिल्हा बदलला तेव्हा अभिलेख कक्ष बदलला आणि नवे तालुके झाले तेव्हा जुन्या तहसिलीतील गठ्ठ्यांची वाटणी झाली. या प्रत्येक वेळी काय हलवले आणि काय मागे राहिले याची यादी त्या त्या वेळी कोणीतरी केली असणार, कारण सरकारी कागद यादीशिवाय ताब्यात दिला-घेतला जात नाही. परंतु ती यादी आज नागरिकाला दिसत नाही, आणि अनेकदा संबंधित लिपिकालाही ती कोठे ठेवली आहे हे सांगता येत नाही. त्यामुळे भामरागड तालुक्यातील एका शेताचा मागोवा घेणाऱ्याला भामरागड, अहेरी, गडचिरोली आणि चंद्रपूर अशा चार ठिकाणी विचारणा करावी लागू शकते, आणि भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि तालुक्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क वारंवार तुटतो. अशा ठिकाणच्या माणसाला ‘पुढील आठवड्यात या’ असे सांगण्याचा अर्थ शहरातील माणसापेक्षा फार वेगळा होतो, याचा विचार सेवेच्या कालमर्यादा ठरवताना झालेला नाही.

स्थलांतराच्या या अडचणीत भर घालणारी दुसरी गोष्ट म्हणजे एकाच जमिनीचे कागद मुळातच वेगवेगळ्या खात्यांत विभागलेले असतात. हक्कनोंद आणि फेरफार तलाठ्याकडे, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हटले जाते, आणि जुने झाल्यावर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. मोजणीचे कागद, म्हणजे शेताच्या हद्दी मोजताना जागेवर काढलेले टिपण, प्रत्येक भूमापन क्रमांकाचे क्षेत्र व आकारणी सांगणारा आकारबंद आणि गावाचा नकाशा, हे भूमी अभिलेख खात्याच्या उप अधीक्षकाकडे असतात. खरेदीखत, गहाणखत असे नोंदणीकृत दस्त आणि त्यांचा गोषवारा देणारी सूची क्रमांक दोन दुय्यम निबंधकाकडे असते. नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम ५७ नुसार ही सूचीदेखील कोणालाही पाहण्यासाठी खुली आहे, हे मात्र फार थोड्या लोकांना माहीत असते. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना आठमध्ये असते, जी कर वसुलीसाठी असून मालकीचा पुरावा नव्हे. मालकीची मिळकत पत्रिका देण्याचे काम २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनच्या मोजणीद्वारे चालू आहे. आणि ज्या भागात शेत व जंगल यांची सीमा अनेक ठिकाणी केवळ कागदावर आहे, तेथे वन विभागाचे नकाशे आणि राखीव वनाच्या अधिसूचना पाहिल्याखेरीज कोणताही शोध पूर्ण होत नाही. ग्रामपंचायत सोडली, तर महसूल, भूमी अभिलेख, नोंदणी आणि वन ही चारही खाती मंत्रालयात महसूल व वन विभाग या एकाच नावाखाली येतात. म्हणून हे पत्र एखाद्या जिल्हाधिकाऱ्याला किंवा जमाबंदी आयुक्तांना न लिहिता आपणांस लिहिले आहे. या चार खात्यांच्या कागदांची एकत्र सूची करण्याचा आदेश एकाच छताखालून निघू शकतो.

नावांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक आहे. विदर्भात महसुली गावाला मौजा म्हणतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे एकाच नावापुढे ‘माल’, ‘चक’, ‘तुकूम’ किंवा ‘रीठ’ असे शब्द लागून वेगवेगळे मौजे झालेले आढळतात. यांतील रीठ म्हणजे महसुली नोंदीत असलेले परंतु वस्ती नसलेले गाव. लोक ज्याला आपले गाव म्हणतात तो पुष्कळदा एका मौजाचा टोला, म्हणजे मूळ वस्तीपासून दूर वसलेला पाडा असतो, आणि त्यांची शेती शेजारच्या रिठाच्या हद्दीत असू शकते. माडिया आणि गोंड कुटुंबांना आपले शेत ओढ्यावरून, झाडावरून किंवा टेकडीवरून ओळखता येते. भूमापन क्रमांकाशी त्यांचा संबंध येतो तो कर्जाच्या, भूसंपादनाच्या किंवा वादाच्या वेळी. त्यात व्यक्तिनामे लिहिणारा कारकून बहुधा माडिया भाषा न जाणणारा असल्याने एकाच माणसाचे नाव दोन नोंदींत दोन तऱ्हांनी उतरते आणि आत्राम व अत्राम किंवा पुंगाटी व पुंगाटि अशा लेखनभेदांमुळे संगणकाच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी माणसे ठरतात. वाटण्या तोंडी झाल्या असतील आणि वारसांची नोंद केलेली नसेल, तर उताऱ्यावर आजही आजोबा-पणजोबांचे नाव असते. नातवाने स्वतःच्या नावाने शोध घेतला तर काही सापडत नाही, आणि ‘तुमच्या नावावर जमीन नाही’ हे उत्तर ऐकून तो परततो, जे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि वस्तुतः चूक असते.

जुन्या नोंदी शोधणे हे संशोधकांचे किंवा हौशी लोकांचे काम आहे, अशी समजूत असेल तर ती दूर व्हायला हवी, कारण राज्यातील अनेक कायद्यांनी गरीब माणसाचा हक्क एखाद्या विशिष्ट जुन्या तारखेशी बांधून ठेवला आहे. महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत करणे अधिनियम, १९७४ हा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींविषयी आहे. ती जमीन त्या काळात कधी आणि कोणाकडून कोणाकडे गेली हे सांगणारा कागद म्हणजे त्या वर्षांतील फेरफार. वन हक्क अधिनियम, २००६ नुसार अनुसूचित जमातीत नसलेल्या परंतु पिढ्यान्‌पिढ्या वनावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो, ज्यामुळे शोध थेट १९३० पर्यंत मागे जातो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा विचारला जातो आणि अनेक घरांत तो जमिनीच्या कागदाशिवाय दुसऱ्या कशात असण्याची शक्यता नसते. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीत त्या नावाने दाखल असलेली खुरट्या झाडोऱ्याची जमीन, हिच्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने १२ डिसेंबर १९९६ या तारखेच्या आधी झालेली वाटपे आणि नंतर झालेली वाटपे असा भेद केला, त्यामुळे वाटपाचा जुना आदेश हाती असणे आणि नसणे यांत आता एखाद्या वस्तीच्या भवितव्याचे अंतर पडले आहे. ज्या शासनाने हक्कासाठी तारीख ठरवली, त्याच शासनाच्या ताब्यात त्या तारखेचा पुरावा आहे. अशा वेळी पुरावा शोधून आणण्याचा सगळा भार अर्जदारावर टाकणे न्याय्य नाही.

या सर्व कागदांत निस्तार पत्रकाचे महत्त्व विशेष आहे आणि त्याच्याकडे झालेले दुर्लक्षही तितकेच विशेष आहे. निस्तार म्हणजे गावकऱ्यांच्या रोजच्या गरजांसाठी सामाईक जमिनीचा व जंगलाचा होणारा वापर : गुरे चारणे, जळण आणि घरबांधणीचे लाकूड आणणे, माती व दगड काढणे, स्मशानासाठी, बाजारासाठी, खळ्यासाठी जागा वापरणे. महसूल अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये विदर्भातील गावांसाठी अशा पत्रकाची तरतूद आहे आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज या नोंदीची, जिच्यात वाटेचा, पाण्याचा, मासेमारीचा असा गावातील रूढ वहिवाटीचा हक्क लिहिलेला असतो. सातबारा एका खातेदाराचे सांगतो. निस्तार पत्रक सबंध गावाचे सांगते. वन हक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा करणाऱ्या ग्रामसभेजवळ याहून बळकट पुरावा क्वचितच असू शकतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा आणि मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मान्य झाले, त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभा त्या वाटेने गेल्या, आणि त्यांपैकी प्रत्येकीला ‘आमच्या गावाच्या निस्ताराची नोंद कोठे आहे’ हा प्रश्न कधी ना कधी पडलेला आहे. वन हक्क नियमांतील नियम १२ च्या पोटनियम ४ प्रमाणे ग्रामसभेने किंवा वन हक्क समितीने लेखी मागणी केल्यावर माहिती, अभिलेख व दस्तऐवज यांची अधिप्रमाणित प्रत तिला द्यावयाची आहे आणि आवश्यक तर प्राधिकृत अधिकाऱ्याकडून ती समजावूनही द्यावयाची आहे. समजावून देण्याचे हे कर्तव्य नियमात लिहिलेले आहे, ते सौजन्याचा भाग नाही, हे तालुका पातळीवर पुन्हा एकदा लेखी कळवण्याची गरज आहे. त्याचप्रमाणे २०१२ च्या सुधारणेने आलेल्या नियम १२-अ नुसार मान्य झालेले वनहक्क तीन महिन्यांच्या आत महसूल व वन अभिलेखांत दाखल होऊन अंतिम नकाशा तयार व्हायला हवा. तो झाला आहे की नाही हेदेखील गाववार सूचीत दिसू शकेल.

अर्जदाराला मिळणाऱ्या एका ठरावीक उत्तराविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ‘सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही’ या वाक्यात चार भिन्न परिस्थिती एकत्र लपलेल्या असतात. अभिलेख कधी तयारच झाला नसेल, कारण त्या गावाची मोजणी झालेली नव्हती. तो तयार झाला परंतु दुसऱ्या कार्यालयात असेल. तो नियमानुसार मुदत संपल्याने नष्ट केला असेल. किंवा तो वाळवीने, पुराने, आगीने अथवा निष्काळजीपणाने गहाळ झाला असेल. अर्जदाराच्या दृष्टीने या चारही परिस्थितींचे परिणाम पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्यात त्याला अन्य पुराव्याकडे वळता येते, दुसऱ्यात पुढचे कार्यालय गाठता येते, तिसऱ्यात नष्ट केलेल्या कागदांची यादी मागता येते आणि चौथ्यात जबाबदारी शासनावर येऊन अभिलेखाच्या पुनर्बांधणीची मागणी करता येते. शासकीय कागदांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असून अ वर्गातील कायमचे, ब वर्गातील ३० वर्षे, क वर्गातील १० वर्षे आणि ड वर्गातील एक वर्ष जतन करायचे असतात. हक्कनोंदी आणि फेरफार हे कायम जतनाचे कागद आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तिसरे उत्तर संभवतच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ यानेही अभिलेख सांभाळण्याची जबाबदारी निश्चित केलेली आहे. असे असताना चार परिस्थितींसाठी एकच वाक्य वापरण्याची मुभा कोणत्याही कार्यालयाला असू नये. उपलब्ध नसल्याचे उत्तर देताना कोणती वही, कोणत्या सालापर्यंत, कोणी आणि कोठे शोधली हे लिहिणे बंधनकारक करावे, आणि वर सांगितलेल्या चारपैकी कोणते कारण लागू आहे ते स्पष्ट नमूद करावे.

अशी सूची करणे शक्य नाही, मनुष्यबळ नाही, जुने कागद वाचणारे नाहीत, ही हरकत येणे स्वाभाविक आहे, आणि ती खोटी नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अनेक गावांचा साझा असतो आणि निवडणुकीपासून पंचनाम्यापर्यंतची कामे त्याच्याकडेच येतात. परंतु याच शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तहसिलींचे अभिलेख कक्ष उघडले गेले, मोडी वाचणारे जाणकार बोलावले गेले, जुनी पाने छायांकित झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. त्या शोधाच्या सामाजिक व राजकीय फलिताविषयी मतभेद आहेत आणि ते येथे मांडण्याचे कारण नाही. त्यातून सिद्ध झालेली प्रशासकीय गोष्ट एवढीच की ठरवले तर दप्तर उघडता येते, वाचता येते आणि त्याची यादी करता येते. येथे मागितलेले काम त्याहून पुष्कळ लहान आहे. प्रत्येक पान वाचावयाचे नसून कोणती वही आहे, तिच्यावर कोणते साल आहे, ती कोणत्या लिपीत व कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या कपाटात आहे, एवढेच लिहावयाचे आहे. शिवाय ग्राम महसूल अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा दप्तराची यादी करूनच तो कार्यभार सोपवतो. त्या याद्या एकत्र केल्या तरी सूचीचा पहिला खर्डा तयार होईल.

छायांकनाच्या आधी सूची व्हावी, हा क्रम महत्त्वाचा आहे. सूचीशिवाय झालेल्या छायांकनात जी वही त्या दिवशी हाती लागली नाही ती कायमची विस्मरणात जाते, कारण पुढे सर्वजण संगणकावर जे आहे तेच पूर्ण दप्तर मानू लागतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कंस केलेली, म्हणजे हक्क संपल्यामुळे कंसात टाकलेली, नावे दिसत असत आणि त्यांवरून जमिनीचा मागील प्रवास वाचता येत असे. संगणकीय उताऱ्यावर आजची स्थिती आणि तळाशी जुन्या फेरफारांचे क्रमांक राहिले. ते क्रमांक म्हणजे जुन्या वह्यांकडे जाणाऱ्या वाटेच्या खुणा आहेत, आणि ज्या वह्यांकडे त्या नेतात त्या वह्या कोठे आहेत हे कोणीच सांगितले नाही तर खुणा राहून वाट हरवते.

नोंदी खुल्या करण्याविषयीची एक भीती येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एटापल्ली तालुक्यात सुरजागड येथे लोहखनिजाचे उत्खनन होऊ लागल्यापासून त्या परिसरातील जमिनीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले आहे, आणि कोणाची नोंद कच्ची आहे, कोणाची वारस नोंद राहिली आहे, हे ज्याला आधी कळते त्याच्या हाती दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा येतो. महसूल अधिनियमाचे कलम ३६-अ आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ देत नाही, तरी अज्ञानाचा गैरफायदा घेण्याचे मार्ग हस्तांतरणापुरते मर्यादित नसतात. तथापि अभिलेख झाकून ठेवणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही, कारण ज्याच्याकडे पैसा आणि ओळखी आहेत त्याला ते आजही सापडतात आणि ज्याला ते सापडत नाहीत तो नेमका जमिनीचा धारकच असतो. म्हणून सूची प्रथम गावात पोचली पाहिजे, संकेतस्थळावर नंतर. संगणकीकरणाच्या वेळी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले, म्हणजे गावातील सातबारे सर्वांसमोर वाचून दुरुस्त्या मागवल्या गेल्या. तीच पद्धत दप्तराच्या सूचीसाठी वापरावी आणि गडचिरोलीच्या दक्षिण भागात ते वाचन माडिया जाणणाऱ्या व्यक्तीच्या साहाय्याने, टोल्यांवर जाऊन व्हावे.

वरील सर्व विवेचनाच्या आधारे आपल्या विभागास विनंती आहे की, १ ऑगस्ट रोजी सुरू होणाऱ्या महसूल वर्षापासून भामरागड तालुक्यातील सर्व मौजांच्या भूमी अभिलेखांची गाववार सूची करण्याचा आदेश काढावा, त्यात महसूल, भूमी अभिलेख, नोंदणी आणि वन या चारही खात्यांच्या कागदांचा समावेश करावा, आणि चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात राहिलेल्या जुन्या गठ्ठ्यांपर्यंत हे काम न्यावे. पावसाळ्यात गावांपर्यंत पोचणे अवघड असल्याने कार्यालयातील नोंदणी आधी आणि गावातील वाचन पूर ओसरल्यावर, असा क्रम ठेवता येईल. सूचीत निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांचा रकाना पहिला असावा. तिची एक प्रत साझाच्या कार्यालयात व एक ग्रामपंचायतीत लावून तिसरी ग्रामसभेच्या वन हक्क समितीच्या स्वाधीन करावी, आणि सूची अंतिम करण्यापूर्वी तिच्यावर म्हणणे मांडण्यासाठी गावाला तीन महिन्यांचा अवधी द्यावा, कारण जमीनदारीच्या काळातील एखादी पावती किंवा मोजणीचा जुना कागद ज्यांनी घरातल्या पेटीत जपून ठेवला आहे, त्यांनाच कार्यालयाच्या यादीतून कोणती वही सुटली ते ओळखता येईल.